गोव्यातल्या टेलिकॉम साइटसाठी डीसी कन्व्हर्टर कसा निवडायचा: नवीन कामाला लागलेल्यांसाठी

टॉवर मेंटेनन्सला नुकतेच लागलेले, केबल-इंटरनेटवाल्यांकडे कामाला असलेले, किंवा स्वतःच गावात वायरलेस लिंक टाकून नेट द्यायला सुरुवात केलेली जी मुलं आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. साइटवर बॅटरी बँक, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), रेडिओ यांच्याबद्दल सगळे बोलतात पण मधे बसलेला तो छोटा डबा, जो मायनस ४८ व्होल्ट घेऊन २४ किंवा १२ व्होल्ट देतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि खरेदीच्या यादीत तो सगळ्यात शेवटी "जो मिळेल तो" म्हणून येतो. आणि जुलैत केरी किंवा चोर्ला घाटाच्या बाजूला एखादी साइट बंद पडली, की वर जाऊन बघावं तर बॅटरी भरलेली, रेडिओ चांगला, कन्व्हर्टर मात्र गेलेला. त्या एका डब्यामुळे अख्ख्या वाड्याचा फोन बंद, १०८ ला कॉल लागत नाही. म्हणून म्हणतो हा विषय मनावर घ्या.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो "किती अँपिअरचा पाहिजे?" तो प्रश्न चुकीचा नाही, पण तो शेवटचा प्रश्न आहे. आधी हे ठरवायचं की त्या साइटची सगळ्यात वाईट वेळ कुठली. मे महिन्यात दुपारी तीनला कॅबिनेट तापलंय ती? की लाईट जाऊन आठ तास झालेत, बॅटरी तळाला आलीय आणि बाहेर पाऊस कोसळतोय ती? कन्व्हर्टर त्या वेळेसाठी घ्यायचा. बाकीच्या वेळी तर कुठलाही चालतो.

आधी मायनस ४८ नीट समजून घ्या

टेलिकॉममध्ये प्लस अर्थला जोडलेला असतो आणि लाइव्ह वायर मायनस असते. हे जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या काळापासून आहे, कारण जमिनीखालच्या तांब्याच्या केबलला ओल लागली की प्लस बाजूचं तांबं झिजतं, वायर मायनस ठेवली की ती वाचते. ४८ हा आकडा २ व्होल्टच्या २४ सेलवरून आला, आणि ६० व्होल्टच्या आत असल्यामुळे माणसाला शॉकचा धोका कमी. शॉकचा कमी हां, शॉर्टचा नाही. बॅटरी बँकेवर पाना आडवा पडला तर हजारांत अँपिअर वाहतात, पाना वितळतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, मगच हात घाला.

आता यातून निवडीचा पहिला नियम येतो: कन्व्हर्टर आयसोलेटेडच पाहिजे. म्हणजे इनपुट आणि आउटपुटमध्ये आतून थेट तांब्याची जोडणी नको, मधे ट्रान्सफॉर्मर पाहिजे. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत जे छोटे बक (व्होल्टेज उतरवणारे) मॉड्यूल मिळतात ते बहुतेक नॉन-आयसोलेटेड असतात, त्यांचं इनपुटचं मायनस आणि आउटपुटचं मायनस एकच असतं. आता विचार करा, इनपुटचं मायनस म्हणजे आपलं मायनस ४८. म्हणजे आउटपुटचं मायनसही अर्थपेक्षा ४८ व्होल्ट खाली बसलं. कॅमेऱ्याची बॉडी, कोअॅक्सची जाळी, शिल्डेड लॅन केबलचा धातू हे सगळं बऱ्याच उपकरणांत मायनसला जोडलेलं असतं, आणि कॅमेरा तुम्ही कशावर बसवता, तर टॉवरवर, जो अर्थला आहे. झाला शॉर्ट.

ह्यातली गंमत अशी की टेबलावर हे सगळं मस्त चालतं. कॅमेरा लाकडी टेबलावर ठेवलेला, चित्र छान येतंय, सगळे खुश. मग वर नेऊन ब्रॅकेटला लावलं, शेवटचा नट आवळला आणि त्याच क्षणी खाली फ्यूज गेला. नवखा माणूस कॅमेरा बदलतो, मग केबल बदलतो, मग फ्यूज मोठा टाकतो, आणि मोठा फ्यूज टाकला की स्विचचा पोर्ट जळतो. कॅमेरा खाली काढून हातात धरला की परत चालू! हे लक्षण कुठे दिसलं तर दुसरं काही शोधत बसू नका, आधी कन्व्हर्टर तपासा. तपासायची पद्धत सोपी आहे: कन्व्हर्टर पूर्ण सुटा करा, काही जोडलेलं नको, मल्टिमीटर ओहमवर लावून इनपुटच्या मायनसपासून आउटपुटच्या मायनसपर्यंत बघा, मग प्लस ते प्लस, मग दोन्हीकडून बॉडीपर्यंत. बीप वाजला तर तो आयसोलेटेड नाही. क्षणभर आकडा हलून मग रेंजच्या बाहेर गेला तर चालेल, ते आतल्या कपॅसिटरमुळे होतं. डेटाशीटवर १५०० व्होल्ट डीसी आयसोलेशन किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असावं.

इनपुट रेंज: "४८ व्होल्ट" वाचून थांबू नका

४८ व्होल्टची साइट कधीच ४८ वर नसते. लेड-अॅसिड बँक फ्लोटवर (भरलेली, नुसती टिकवून धरलेली) असते तेव्हा साधारण ५४ व्होल्ट, बूस्टवर (जोरात चार्ज होताना) ५५ ते ५६ च्या वर, आणि लाईट गेल्यावर उतरत उतरत ४४-४३ ला लो व्होल्टेज डिस्कनेक्ट (एलव्हीडी, बॅटरी फार उतरली की लोड सोडवणारा स्विच) तोडतो. १६ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर पूर्ण चार्जला ५७-५८ पर्यंत जातं. युरोपियन स्टँडर्ड ईएन ३०० १३२-२ मध्ये उपकरणाच्या टोकाला ४०.५ ते ५७ व्होल्ट ही नॉर्मल रेंज धरलेली आहे. म्हणजे आपल्याला असा कन्व्हर्टर पाहिजे जो दोन्ही टोकांच्या बाहेर थोडी जागा ठेवतो. ३६ ते ७२ किंवा ३६ ते ७५ ची रेंज असलेले घ्या. ४२ ते ५६ असं लिहिलेलं दिसलं तर ठेवून द्या, तो बूस्टलाही अडचणीत येणार आणि बॅटरी उतरतानाही.

सोलर असेल तर अजून काळजी, कारण चार्ज कंट्रोलर चालू असताना बॅटरीची लिंक सैल झाली की व्होल्टेज क्षणात वर उडी मारतं. अशा ठिकाणी ७५ वाला बरा.

मॉडेल नंबरमधलं एक अक्षर बघायला विसरू नका. उदाहरण देतो, मीन वेलच्या एसडी मालिकेत एकाच वॉटेजचे ए, बी, सी, डी असे प्रकार येतात: ए हा १२ व्होल्टच्या आसपासच्या इनपुटसाठी, बी २४ साठी, सी ४८ साठी म्हणजे ३६ ते ७२, आणि डी त्याच्या वरचा, ७२ ते १४४. डबा दिसायला सारखा, वजन सारखं. दुकानदाराने बी दिला आणि तुम्ही ५४ ला जोडला तर काय होणार ते सांगायला नको. बिल बनवण्याआधी अक्षर वाचा, आणि बॉक्स उघडल्यावर डब्यावरचं लेबल परत वाचा.

लोड मोजा, अंदाज नको

अॅडॅप्टरवर लिहिलेले वॉट जोडून बेरीज करायची सवय सगळ्यांना असते. त्यातून एकतर फार मोठा आकडा येतो नाहीतर पीक सुटतो. डीसीचा क्लॅम्प मीटर वापरा. साधा एसी क्लॅम्प डीसी दाखवत नाही, हॉल सेन्सरवाला लागतो, आणि प्रत्येक वेळी मोजण्याआधी झिरो करायचा. रात्रीही एकदा मोजा कारण कॅमेऱ्याचे आयआर दिवे अंधारात लागतात. सगळं एकदम बंद करून एकदम चालू करा आणि तेव्हाचा आकडा बघा, कारण लाईट परत आल्यावर खरं तेच होतं: दोन रेडिओ, स्विच, राउटर सगळे एकाच वेळी उठतात.

समजा वाळपईजवळच्या एका टेरेसवरच्या साइटला २४ व्होल्ट बाजूला चालता लोड ८० वॉट मिळाला आणि चालू होताना ११० पर्यंत गेला. मग १०० वॉटचा बाद झाला. १५० चा की २०० चा ते उष्णतेनंतर ठरेल, खाली बघू.

इथेच अजून एक गोष्ट डोक्यात बसवा, जी सुरुवातीला उलटी वाटते. कन्व्हर्टरला बाहेर ठरलेली पॉवर द्यायचीच असते, म्हणून इनपुट व्होल्टेज उतरलं की तो करंट जास्त ओढतो. २०० वॉट आउटपुट, ९० टक्के एफिशियन्सी, म्हणजे इनपुटला २२२ वॉट. ५४ व्होल्टला ४.१ अँपिअर, पण ४३ व्होल्टला ५.२. म्हणजे बॅटरी थकलेली असते तेव्हाच केबल, फ्यूज, कनेक्टर यांच्यावर ताण सगळ्यात जास्त. केबल आणि फ्यूज नेहमी खालच्या व्होल्टेजवर हिशेब करून घ्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं आणि लाईनी पडून कितीतरी ठिकाणी तासनतास लाईट नव्हती. अशा वेळी बॅटरी तळाला जाते, डिस्कनेक्ट तोडतो, लोड गेला की बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं, परत जोडतो, परत तुटतं. रिकनेक्टचं व्होल्टेज तोडायच्या व्होल्टेजच्या बरंच वर सेट नसेल तर हा खेळ चालूच राहतो आणि कन्व्हर्टर दर वेळी पूर्ण इनरश (चालू होतानाचा करंटचा झटका) खातो. म्हणून कन्व्हर्टर बदलताना एलव्हीडीची सेटिंगसुद्धा उघडून बघा.

उष्णता, म्हणजे खरी परीक्षा

गोव्याचं हवामान थर्मामीटरवर फार भयंकर दिसत नाही, मेमध्ये ३४-३५. पण पत्र्याचं कॅबिनेट, वर थेट ऊन, आत रेक्टिफायर आणि रेडिओची स्वतःची गरमी, आत ५५ ते ६० सहज होतं. आणि आपल्याकडे रात्रीही हवा दमट आणि कोंदट असते, कॅबिनेटला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

डेटाशीटमध्ये डिरेटिंग कर्व्ह नावाची एक आकृती असते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात २०० वॉट लिहिलेलं असतं ते त्या कर्व्हच्या सपाट भागाचं. समजा कर्व्ह सांगतो की ५० अंशापर्यंत पूर्ण, त्यापुढे दर अंशाला अडीच टक्के कमी. मग ६० अंशाला उरले ७५ टक्के. आपल्या वरच्या उदाहरणात १५० वॉटवाला ६० अंशाला ११२ वॉटचा होतो आणि पीक आहे ११०. कागदावर बसतं, पण इतकं घासून चालवायचं नाही. २०० वाला १५० देतो, तो घ्या. किंमतीत जो फरक आहे तो घाटात एकदा गाडी पाठवण्याच्या खर्चापेक्षा कमी निघतो बहुतेक वेळा. आणि ज्या डब्याच्या डेटाशीटमध्ये डिरेटिंग कर्व्हच नाही तो घेऊच नका, मग तो कितीही स्वस्त असो, कारण बनवणाऱ्यानेच तो गरम करून बघितलेला नाही असं धरून चालायचं.

एफिशियन्सीचा आकडा लोक वीजबिलासाठी बघतात. तुम्ही तो उष्णतेसाठी बघा. २०० वॉट देताना ८८ टक्केवाला आत २७ वॉट उष्णता सोडतो, ९३ टक्केवाला १५. बंद कॅबिनेटमध्ये हा फरक हाताला कळतो.

का एवढं उष्णतेचं लावून धरलंय? आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे. त्याच्यात द्रव असतो आणि तो हळूहळू सुकतो, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं. म्हणजे ४५ अंशाला जो आठ वर्षं टिकला असता तो ६५ ला दोनच वर्षं. घेताना १०५ अंशाचे कपॅसिटर आहेत ना ते विचारा, जाळीतून डोकावून टॉर्चने वाचताही येतं बऱ्याचदा. ८५ लिहिलेलं दिसलं तर नको. उलट कॅबिनेटवर साधं पत्र्याचं दुसरं छप्पर चार बोटं वर लावून घेतलं, मधून हवा खेळती ठेवली, तर आतली गरमी चांगलीच उतरते आणि हे काम कुठलाही फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करून देतो.

फॅनवाला की बिनफॅनचा? किनाऱ्यावर आणि खाणपट्ट्यात बिनफॅनचा. फॅन बाहेरची हवा खेचतो आणि त्या हवेबरोबर मीठ आणि धूळ थेट सर्किटवर नेऊन बसवतो, आणि फॅनचं बेअरिंग स्वतःच सगळ्यात आधी जातं. बिनफॅनचा असेल तर त्याची बॉडी जाड अॅल्युमिनियमच्या प्लेटवर घट्ट बसवा, मधे थर्मल पेस्ट लावा, वर-खाली हाताच्या वितीएवढी जागा सोडा, आणि उभा की आडवा बसवायचा ते डेटाशीटप्रमाणे.

मीठ, ओल, धूळ आणि मुंग्या

मोरजी, मांद्रे, बागा, कोलवा, पाळोळे, ह्या पट्ट्यात समुद्रापासून काहीशे मीटरवर असलेल्या साइटवर मीठ बसतं. दिसत नाही, पण रात्री दव पडलं की त्या मिठाला ओल धरते आणि पीसीबीवर (सर्किटच्या बोर्डावर) पातळ वाहक थर तयार होतो. हिरवट पावडर दिसू लागली की समजा तांबं खाल्लं जातंय. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ, वास्कोत बंदराच्या बाजूला काळी. नुसती कोरडी धूळ इतका त्रास देत नाही, पण जून उजाडला की ती धूळ ओली होते आणि मग लीकेज सुरू. म्हणूनच पहिल्या पावसाच्या पंधरवड्यात साइट पटापट पडतात.

यावर उपाय निवडतानाच करायचा. कन्फॉर्मल कोटिंग असलेला पीसीबी मागा, म्हणजे बोर्डावर अॅक्रिलिक किंवा सिलिकॉनचा पारदर्शक थर. काही मॉडेलमध्ये तो ऑर्डर करतानाच सांगावा लागतो, वेगळा कोड असतो. किनाऱ्यावर पूर्ण पॉटेड म्हणजे रेझिनमध्ये भरलेला मिळाला तर सगळ्यात उत्तम, तो दुरुस्त होत नाही हे खरं, पण इथे दुरुस्त करायची वेळ न येणं जास्त महत्त्वाचं. घरी बसून स्प्रेने स्वतः कोटिंग करू नका, कनेक्टर आणि ट्रिमपॉटमध्ये (आउटपुट सेट करायचा छोटा स्क्रू) थर जातो आणि वॉरंटीही जाते.

लग (केबलच्या टोकाला बसणारे धातूचे कान) टिन केलेल्या तांब्याचे, क्रिंप नीट टूलने केलेले, पक्कडने चेपलेले नकोत. किनाऱ्यावर नट-बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, ३०४ वर पण डाग यायला लागतात. केबल कॅबिनेटमध्ये नेहमी खालून घ्या, ग्लँड लावून, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून टपकतं. न वापरलेली भोकं बंद करा. पाली आणि मुंग्या ऊब शोधत आत येतात, कन्व्हर्टर नेहमी गरम, त्यामुळे त्यांना तोच आवडतो, आणि टर्मिनलवर पाल आडवी झाली की साइट गेली. जाळीचं भोक बारीक असलेला किंवा बंद बॉडीचा डबा घ्या, उघड्या फ्रेमचा नकोच.

वीज पडणे आणि अर्थिंग

एप्रिल-मेची वळवाची गडगड आणि परतीच्या पावसातली ऑक्टोबरची, ह्या दोन वेळा सर्जमुळे (व्होल्टेजच्या अचानक झटक्यामुळे) सगळ्यात जास्त नुकसान होतं. आपल्याकडे अडचण ही की खाली जांभा दगड. मेमध्ये तो इतका कोरडा होतो की अर्थ पिटचा रेझिस्टन्स वर चढतो, आणि अर्थ टेस्टरने ऑगस्टमध्ये मोजून "छान आहे" म्हणून लिहून ठेवलेलं असतं. अर्थ एप्रिलअखेरीस मोजा. एका रॉडने भागत नसेल तर दोन-तीन रॉड अंतर ठेवून जोडा, केमिकल पिट करा.

आणि टॉवरचा अर्थ वेगळा, उपकरणाचा वेगळा, एसीचा वेगळा, असं सुटं सुटं ठेवू नका. सगळे एका बसबारला बांधलेले पाहिजेत. नाहीतर वीज पडल्यावर दोन अर्थमधे हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो फरक सुटायला तुमच्या कन्व्हर्टरच्या आयसोलेशनमधून रस्ता काढतो. एसी बाजूला सर्ज प्रोटेक्टर, डीसी ४८ बाजूला डीसीसाठीच बनलेला वेगळा, आणि टॉवरवरून येणाऱ्या लॅन केबलवर तिसरा. प्रोटेक्टरची अर्थ वायर जाड आणि आखूड, गुंडाळी करून ठेवलेली नको. कन्व्हर्टरच्या डेटाशीटमध्ये आयईसी ६१०००-४-५ चा सर्ज टेस्ट कुठल्या लेव्हलला पास आहे ते लिहिलेलं असतं, ते नसेल तर पुढचा डबा बघा.

केबल आणि ब्रेकर, थोडक्यात

कन्व्हर्टर लोडजवळ ठेवा. ६० वॉटचा रेडिओ टॉवरवर ३० मीटर उंच, केबल अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची, जाऊन-येऊन ६० मीटर, रेझिस्टन्स साधारण ०.४२ ओहम. खालून १२ व्होल्ट पाठवले तर ५ अँपिअर, म्हणजे २.१ व्होल्ट वाटेतच गेले, वर दहासुद्धा नीट पोचत नाहीत. तेच ४८ वर पाठवले तर सव्वा अँपिअर आणि फक्त अर्धा व्होल्ट जातो. १२ व्होल्टची लांब केबल टाकूच नका.

एमसीबी डीसीचाच घ्या. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझत नाही, एसीचा ब्रेकर आतून जळत राहतो. डीसी ब्रेकरला बऱ्याचदा प्लस-मायनसची दिशा असते, ती बघून जोडा. फ्यूज किंवा ब्रेकर मायनस ४८ च्या वायरमध्ये, कारण लाइव्ह तीच. आणि वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंत्राटदाराने आपापले रंग वापरलेत. मीटर लावा.

डेटाशीटमधले फसवे आकडे

एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १० लाख तास लिहिलेलं दिसतं. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं, म्हणून हा डबा ११४ वर्षं चालेल असं नाही. तो आकडा २५ अंशाला, हिशेबाने काढलेला असतो बहुतेक. त्याचा उपयोग असा: तुमच्याकडे असे १०० डबे असतील तर वर्षाला साधारण एक जाईल, आणि तेही थंड खोलीत. दोन मॉडेलची तुलना करताना दोघांचा आकडा एकाच पद्धतीने काढलाय ना बघा, एकाचा मिलिटरी हँडबुकच्या पद्धतीने आणि दुसऱ्याचा टेलकॉर्डियाच्या पद्धतीने असेल तर तुलनेला अर्थ नाही.

रिपल (डीसी आउटपुटवर उरलेली बारीक चढउतार) १२ व्होल्टला १०० ते १५० मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर चालतं. पण व्हीएचएफ सेट वगैरे एकाच कॅबिनेटमध्ये असेल तर स्वस्त कन्व्हर्टरची खरखर थेट रिसीव्हरमध्ये ऐकू येते, तिथे ईएमआय (विद्युत-चुंबकीय अडथळ्याची) टेस्ट पास असलेलाच पाहिजे. ओव्हरलोडला कसा वागतो तेही वाचा. काही डबे हिकप मोडमध्ये जातात, बंद-चालू-बंद, आणि मोठे कपॅसिटर असलेला लोड असेल तर कधी उठतच नाहीत. करंट धरून ठेवणारे अशा जागी बरे. उलटी वायर लागली तर वाचेल असं प्रोटेक्शन आणि डीसी ओके रिले (आउटपुट ठीक आहे की नाही ते कळवणारा), हे दोन्ही मिळाले तर जरूर घ्या. रिले अलार्म पोर्टला जोडला की साइट पडायच्या आधी तुम्हाला कळतं.

दोन लावायचे असतील तर

महत्त्वाच्या लिंकवर दोन कन्व्हर्टर लावा, पण आउटपुट सरळ एकमेकांना बांधू नका. एक शॉर्ट होऊन मेला तर दुसऱ्यालाही खाली ओढतो. मधे रिडंडन्सी मॉड्यूल किंवा ओआरिंग डायोड (एकाचा करंट दुसऱ्यात उलटा न जाऊ देणारा) पाहिजे. डायोडवर अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो, तेवढा आउटपुट वर सेट करा. प्रत्येक डबा एकट्याने पूर्ण लोड उचलेल एवढा हवा, आणि दोघांचे ब्रेकर वेगळे. अलार्म दोघांचाही जोडा, नाहीतर पहिला कधी गेला ते कळतच नाही आणि दुसरा गेल्यावर सगळे धावतात.

वर न्यायच्या आधी बेंचवर

नवा डबा थेट साइटवर नेऊ नका. व्हेरिएबल सप्लायवर ४३ व्होल्ट लावून पूर्ण लोड द्या, मग ५७ ला द्या. इलेक्ट्रॉनिक लोड नसेल तर १२ व्होल्टला गाडीचे ५५ वॉटचे हॅलोजन बल्ब, २४ ला ट्रकचे. बल्ब थंड असताना कितीतरी पट करंट ओढतो त्यामुळे स्टार्टिंगचीही परीक्षा आपोआप होते, त्यात एखादा चांगला डबाही अडखळू शकतो, मग बल्ब एकेक करून लावा. चार तास चालू ठेवा, शक्य असेल तर वर पुठ्ठ्याचा खोका पालथा घालून, आतलं तापमान बघत बघत, आणि बाजूला बसून राहा, सोडून जाऊ नका. आयआर गनने मोजताना चकचकीत धातूवर चुकीचा आकडा येतो, तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर मोजा. आउटपुट ट्रिमपॉटने नेमका सेट करा, लोड जोडण्याआधी, आणि त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका म्हणजे हलत नाही.

बसवल्यावर कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा, प्लास्टिकमध्ये घालून: मॉडेल, बसवल्याची तारीख, इनपुट-आउटपुट व्होल्टेज, त्या दिवशीचा करंट. पुढच्या वेळी करंट तोच पण डबा जास्त गरम लागला किंवा रिपल वाढला तर कपॅसिटर सुकत चाललेत. पावसाआधी, म्हणजे मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सगळे टर्मिनल एकदा आवळून घ्या.

स्पेअर तोच मॉडेल, तेच अक्षर, आउटपुट आधीच सेट केलेला, तालुक्याच्या ठिकाणी कुठेतरी ठेवा जिथून पुरातही पोचता येईल. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून. आणि वर्षातून एकदा तो बाहेर काढून तासभर पॉवर द्या, कारण पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही खराब होतो.